मे महिन्यातली पानं

वर्ध्याहून सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्यावरची जुनी झाडं २०२० साली रुंदीकरणासाठी तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला. त्या वेळी बोलणं झालं ते मुख्यतः गांधीजींच्या वारशाविषयी. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या जिल्ह्यात तीच झाडं सायकलने कामावर जाणाऱ्या माणसाचं डोकं तापू देत नव्हती. माझ्या लेखी हे कारण वारशाइतकंच मोठं आहे.

शहरं थंड ठेवायची तर बागा हव्यात, हे आता सर्वांना पटलं आहे. प्रश्न आहे तो कसल्या बागा, हा. नव्या बागेत हिरवळ येते, पेव्हिंग ब्लॉक येतात, शोभेचे पाम येतात. हिरवळ रोज पाणी पिते आणि सावली देत नाही. ब्लॉक दिवसभर तापून रात्री ती धग परत सोडतात. विदर्भातल्या बागेची परीक्षा एकच: मेच्या दुपारी तीन वाजता तिथे माणूस बसू शकतो का?

ही परीक्षा लावली की झाडांची निवडच बदलते. साग भर उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. बहावा आणि गुलमोहर ऐन उन्हात डोळे निववतात खरे, पण तोवर त्यांची पालवी विरळच असते. कडुनिंब, करंज आणि पिंपळ मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर जुनी पानं टाकून नवी धरतात आणि मेपर्यंत भरून येतात. वडाची आणि चिंचेची सावली तर प्रत्येक वऱ्हाडी माणसाला ठाऊक आहे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आजही उभा आहे. शोभेची झाडं लावू नयेत असं नाही, पण बागेचा भार त्यांच्यावर टाकू नये.

सावलीखेरीज झाड आणखी एक काम करतं. पानांतून एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे १०० लिटर पाण्यामागे जवळपास ६७ युनिट. एक टनाच्या एसीला एवढी उष्णता खोलीबाहेर काढायला सुमारे १९ तास लागतील, आणि ती तो शेजारच्या गल्लीतच ओतेल. आपली उन्हाळी हवा कोरडी असते, म्हणून इथे कूलर चालतो आणि झाडाची वाफही कामाला येते. मुंबईच्या दमट हवेत दोन्हींचा जोर कमी पडतो.

पण मुळाशी ओल नसेल तर झाड दुपारी पानांची रंध्रं मिटून घेतं. सावली उरते, वाफेचा गारवा थांबतो. म्हणून पाण्याची सोय न करता केलेलं वृक्षारोपण मला अर्धवट वाटतं. धाम नदीचं पिण्याचं पाणी बागेला देण्याची गरज नाही. वस्तीतलं अंघोळीचं, धुण्याचं पाणी गाळून झाडांकडे वळवता येतं. पावसाळ्यात बागेत चर खणले तर काळी माती बरंच पाणी धरून ठेवते.

राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. ५० वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला आता वारसा वृक्ष मानतात, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. पाऊल चांगलंच आहे. तरी ८० वर्षांच्या कडुनिंबाच्या बदल्यात लावलेली ८० रोपं पुढची कित्येक वर्षं कोणाच्याही डोक्यावर सावली धरणार नाहीत, आणि उन्हाळा तोवर थांबत नाही. जुनं झाड वाचवणं हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बागेचा गारवाही फार लांब जात नाही. काही शे मीटरांत विरतो. त्यामुळे एका टोकाला एक मोठं उद्यान बांधून दाट वस्त्यांचं भागणार नाही. हिंगणघाट, आर्वी, पुलगावसारख्या गावांत टिनाच्या छपरांच्या मोहल्ल्यांजवळ, बाजारापाशी, बसस्थानकामागे दहा-वीस गुंठ्यांचे दाट सावलीचे तुकडे हवेत. आणि नगरपालिकेने त्यांचं फाटक नवतपात दुपारी बंद ठेवू नये. हमाल, भाजीवाली, रिक्षावाला यांना बागेची गरज असते ती त्याच वेळी.