मारलेंच पाहिजे काय?

चाललेल्या भांडणाचा निवाडा कोणत्या क्षणीं करावा, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न. त्याचें एक नवें उत्तर मला परवां बुद्धिबळाच्या पटावर सांपडलें. बदलापुरास राहणारा माझा पुतण्या संगणकास बुद्धिबळ शिकविणारा प्रोग्रॅम लिहीत आहे. त्याचा पहिला प्रयत्न मोठा विनोदी झाला. यंत्र तीन खेळ्या पुढें पाही आणि तेथेंच थांबून मोहऱ्यांची बेरीज करी. तिसऱ्या खेळीस आपल्या वजिरानें प्यादें मारलें, एवढें पाहून तें संतुष्ट होई. चौथ्या खेळीस तोच वजीर मारला जाणार, हें त्याच्या दृष्टीपलीकडे राही.

हा धोका क्लॉड शॅनन यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांतच दाखविला होता: पटावर मारामार चालू असतां बेरीज करूं नये, पट शांत झाल्यावर करावी. म्हणून ठरलेल्या खेळ्या संपल्यावरही यंत्र केवळ मारण्याच्या खेळ्या पुढें पाहत जातें. अशा प्रत्येक खेळीस एक मोहरा पटावरून उठतो. ३२ पैकीं दोन राजे कधींच मारले जात नाहींत. तेव्हां ही मालिका ३० खेळ्यांपुढें जाऊंच शकत नाहीं.

परंतु येथें दुसरा दोष उद्भवतो. मारण्याच्याच खेळ्या पाहणाऱ्या यंत्रास मारणें हें कर्तव्य वाटूं लागतें! वजीर गमावून प्यादें घेणें एवढीच मार शिल्लक असेल, तर चांगला डावही बुडाला असें तें मानतें. म्हणून प्रत्येक पायरीवर यंत्रानें प्रथम पाहावयाचें कीं, कांहींच न मारतां आपली स्थिति कशी आहे. मारून त्याहून अधिक लाभ होत असेल तरच मारावयाचें.

“काका, मारण्याची मुभा असते, सक्ती नसते,” पुतण्या सहज म्हणाला. तें वाक्य मला लागलें. त्याच्या वडिलांशीं, म्हणजे माझ्या ज्येष्ठ बंधूंशीं, वडिलोपार्जित घराच्या वांटणीवरून दोन वर्षें माझें बोलणें बंद आहे. चालू आहेत तीं केवळ पत्रें. त्यांच्या प्रत्येक पत्रास मीं तितकेंच तिखट उत्तर दिलें, आणि प्रत्येक वेळीं माझ्या उत्तरापाशींच थांबून बेरीज केली. साहजिकच मी जिंकलेला दिसें.

मनुष्यांच्या भांडणास ३० खेळ्यांची मर्यादा नसते. आमच्या अंबरनाथहून मुंबईकडे जातांना उल्हासनगर लागतें. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या त्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधून घरदार सोडून आलेलीं कुटुंबें राहिलीं. १९४९ सालीं वसाहतीस आजचें नांव मिळालें. फाळणीच्या त्या दिवसांत अत्याचारास अत्याचार हेंच अनेकांस उत्तर वाटत होतें. गमावलेल्याची भरपाई कोणाच्या रक्तानें करावी हें शोधीत न बसतां ज्यांनीं तेथें लहानसें दुकान मांडलें, त्यांनीं पराभव पत्करला असें कोण म्हणेल?

तथापि स्वस्थ बसणें हें सर्वत्र साधुत्व नव्हे. राजास शह असतां यंत्रासही ती मुभा नाहीं. तेव्हां मारण्याच्याच नव्हे, तर शहांतून सुटण्याच्या सर्व खेळ्या पाहाव्या लागतात. ज्याच्या अन्नावर किंवा अब्रूवर घाला आला, त्यास ‘शांत राहा’ म्हणणें हा अन्यायच होय. म्हणून ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें: हा खरोखर शह आहे, कीं समोर एक उघडें प्यादें दिसत आहे, इतकेंच?

माझ्या बाबतींत शह नव्हता. बंधूंच्या शेवटच्या पत्राचें उत्तर लिहून तयार होतें. तें मीं टपालांत टाकलें नाहीं. येत्या रविवारीं बदलापुरास जाणार आहें. घराचा प्रश्न तेवढ्यानें सुटणार नाहीं. पण बेरीज तरी दोघे समोरासमोर बसून करूं.