मैदान आणि अंगण

'मैदान' हा शब्द मराठीत आणि उर्दूत सारखाच नांदतो. मूळचा तो फारसी, पण आता त्याला कोणी परका म्हणत नाही. मराठीने मात्र त्याला बहुधा जिंकण्याच्या कामाला जुंपले. मैदान मारायचे, मैदान गाजवायचे, नाही जमले तर मैदान सोडून पळायचे. उर्दूतही मैदान-ए-जंग आहेच; पण तिथे आणखी एक मैदान आहे, मैदान-ए-हश्र. त्या दिवशी राजा आणि रंक एकाच सपाटीवर उभे असतील, अशी आपली श्रद्धा आहे. मुलांचे खेळाचे मैदान यांपैकी कोणत्या अर्थाने चांगले असावे? प्रश्न साधा दिसतो, पण शाळेत शिकवणाऱ्या आम्हां लोकांना तो रोज पडतो.

आमच्या पालघर जिल्ह्यातल्या घिवलीचेच उदाहरण घेऊ. बोईसर स्टेशनाच्या पश्चिमेला, समुद्राला लागून असलेले हे गाव. जवळच तारापूरचे अणुऊर्जा केंद्र. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. पुढच्या दोन २००५ आणि २००६ मध्ये आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही शेजारची गावे उठली. एका बाजूला केंद्राचे कुंपण, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहतीचा पसारा. अशा भागात मुलांना खरे मोकळे मैदान उरते ते ओहोटीच्या वाळूचे. पाणी मागे सरले की ओली, घट्ट वाळू उघडी पडते. मग काठीने क्रीज आखायची आणि चपला ठेवून हद्द ठरवायची. सहा तासांनी समुद्र येतो आणि सगळे पुसून टाकतो. या मैदानाला सातबारा नाही, भाडे नाही, उद्घाटनाची पाटी नाही. कालच्या मालकाचा आज तिथे कसलाही हक्क राहत नाही.

कोणाला वाटेल, याहून न्यायी मैदान दुसरे कुठले? आम्हांलाही हे चित्र आवडते. पण त्या वाळूवर कोण खेळते, हे नीट पाहिले की मन खट्टू होते. जो आधी आला आणि ज्याच्या हातात बॅट आहे, त्याचे मैदान. लहानग्यांनी चेंडू आणून द्यायचा. मुलींनी कडेने चालत जायचे. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मुलग्यांना त्याचे काही वाटत नाही. सकाळी नाही तर दुपारी, कधीही ते घराबाहेर पडू शकतात. आपल्या घरांतल्या मुलीला मात्र असर ते मगरिब एवढीच मोकळीक असते, तीही असलीच तर. तेवढ्या वेळात ओहोटी सापडायची ती पंधरवड्यातल्या काही दिवशीच. निसर्ग सर्वांना सारखी वाळू देतो, सारखी संधी देत नाही. ती माणसांनी ठरवून द्यावी लागते.

आता कायद्याकडे पाहू. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी काय काय हवे, याची यादी आहे. त्यात मैदान आहे आणि त्याच्या लगेच पुढच्या ओळीत भिंत किंवा कुंपण आहे. मैदान किती मोठे, हे मात्र तिथे लिहिलेले नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात उठवलेल्या गावांना द्यायच्या सोयींची यादी आहे. दर शंभर कुटुंबांमागे एक समाजमंदिर, दर पन्नास कुटुंबांमागे प्रार्थनास्थळ आणि पाराची जागा, असा हिशेब त्यात मांडला आहे. मुलांच्या मैदानाचाही उल्लेख आहे, पण आकड्याविना. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ च्या बालहक्क करारात खेळ हा मुलांचा हक्क मानला आणि भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला. हक्क लिहिला गेला; कोणाच्या वाट्याला किती, हे मोजायचे राहून गेले.

हे मोजमाप फुटांत करता येईल असे आम्हांला वाटत नाही. मधल्या सुट्टीची घंटा वाजली की शाळेचे पटांगण मोठे असो की लहान, मध्यभाग मोठ्या मुलग्यांचा होतो आणि मुली भिंतीला टेकून उभ्या राहतात. जागा दुप्पट केली तर मध्यभागच दुप्पट होतो, भिंत तिथेच राहते.

मराठीत मैदानाला आणखी एक शब्द आहे, क्रीडांगण. पुस्तकी म्हणून आपण तो बाजूला ठेवतो, पण त्याच्या पोटात 'अंगण' आहे. अंगणात कोणी कोणाला हरवायला जात नाही. तिथे आजी तांदूळ निवडते, धाकटा रांगतो, मुली लगोरी मांडतात आणि ज्याला काहीच करायचे नाही तो नुसता बसतो. 'तू इथे का?' असे कोणी विचारत नाही. पूर्वी मुलगा मैदानात जाई, मुलगी अंगणात खेळे. आज बोईसरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला अंगण कुठले? मुलग्याचे मैदान आक्रसले, मुलीचे अंगण तर संपलेच. म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्यांना अंगण नाही त्यांचे अंगण होणे, हे सार्वजनिक मैदानाचे पहिले काम आहे. चषकाचे सामने त्यानंतर.

हे केवळ स्वप्न नाही. महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आयक या वास्तुविशारदाने १९४७ पासून तीसेक वर्षांत शहरातल्या पडीक तुकड्यांवर सातशेहून अधिक खेळाच्या जागा केल्या. साहित्य अगदी साधे: वाळूचा हौद, लोंबकळायला लोखंडी दांड्या, बसायला बाके. हौदाचा काठ मुद्दाम रुंद ठेवलेला, म्हणजे आईला तिथेच टेकता येईल. आपल्याकडे दादरचे शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथे क्रिकेट घडले हे खरे, पण त्या मैदानाला सर्वांचे केले ते कडेच्या कट्ट्याने. कट्टा ही अशी भिंत आहे की, तिच्यावर न खेळणाऱ्यालाही बसता येते.

मुंब्र्याची गोष्ट आपल्या अधिक जवळची. तिथे 'परचम' या संस्थेच्या पुढाकाराने २०१२ च्या सुमारास मुली फुटबॉल खेळू लागल्या. खेळायला जागा नाही म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी मैदानाची मागणी केली. यावर दोन आक्षेप येतात. एक बाहेरून: राखीव वेळ मागणे म्हणजे वाटणीच नव्हे का? नव्हे. ती पाळी आहे, विहिरीवर असते तशी. पाळी संपली की घागर दुसऱ्याची. जिथे पाळी नसते तिथे जोर चालतो, आणि जोराची वाटणी कधीच संपत नाही. दुसरा आक्षेप घरातून येतो: मुलींना हे शोभते का? त्यांना आम्ही अदबीने एवढेच सांगू की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे. पहिल्या खेपेस हजरत आयेशा जिंकल्या होत्या.

खर्चाचेही फारसे काही नाही. एक झाड, प्यायचे पाणी, दार लागेल असा संडास, संध्याकाळी दिवा आणि ठरलेली पाळी. संडास नसला तर मुली घरूनच पाणी न पिता येतात, हे आम्ही शिक्षक जाणतो. गावच्या निकाहचा मांडव किंवा उत्सव मैदानात झाला तर बिघडत नाही, ते गावाचेच आहे. मात्र मांडव कधी निघणार आणि बांबूंचे खड्डे कोण बुजवणार, हे मुलांनाही आधी कळले पाहिजे.

ग्रामसभेत मैदानाचा विषय निघाला की आपण विचारतो, किती एकर, किती निधी? वाचकहो, पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न जोडून पाहा. ज्या मुलीला कोणताच खेळ येत नाही, जिच्याकडे बॅट नाही, जिला कोणी संघात घेत नाही, ती असरनंतर तिथे जाऊन, कोणाला न विचारता, मगरिबपर्यंत बसू शकेल का? उत्तर 'हो' असेल तर जागा अर्धा गुंठा असली तरी ते मैदान आहे.