बोल्ट तुटला तर गुन्हा कोणाचा?

सवाल साधा आहे, पण गॅरेजात त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. सायलेन्सरच्या जोडाचा बोल्ट पाना फिरवताच तुटला, की ज्याच्या हातात पाना तो गुन्हेगार. शिवी त्याला. कधी चापट, कधी पगारातून कपात. गिरणीत मी साच्यावर असतो, तिथेही कायदा हाच. साचा बंद पडला की पहिला सवाल : कोण उभा होता? काय झालं, ते नंतर. म्हणून म्हटलं, हा बोल्ट एकदा उलगडून बघावा. सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या एका गॅरेजात मी हात काळे करतो, त्या शिदोरीवर हे लिहितोय.

जाम झालेल्या बोल्टाला आपण हट्टी म्हणतो, आडमुठा म्हणतो. म्हंजे दोष त्याच्या स्वभावात. (असला स्वभाव कुणाकुणाला चिकटवला गेलाय ते तुम्हाला सांगायला नको.) लोखंडाला स्वभाव नसतो, दोस्तहो. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन, एवढ्यातच सगळा मामला. मीठ आलं की काम जोरात चालतं, म्हणून कोकणातली, मुंबईतली गाडी घाटावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजते. आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. नट-बोल्टाच्या आट्यांमध्ये बारीक फट असते. ती भरते. भरल्यावर दाबायला लागते. सायलेन्सरजवळ रोजचं तापणं-निवणं, त्याची आणखी भर. वर फक्त डोकं दिसतं, पकड सगळी आत.

आता हिशेब मांडा. बसवताना कुणी आट्यांना बोटभर ग्रीस लावलं नाही. जवळपास फुकटातलं काम. मग गाडी दहा पावसाळे चिखलपाण्यातून गेली, मालकाने एकदा खाली वाकून बघितलं नाही. सगळे आपापल्या घरी गेले. शेवटी खड्ड्यात उतरतो तो अठरा-एकोणीस वर्षांचा हेल्पर. डोळ्यात गंज पडतो, पाना सटकला की बोटांची सालटी निघतात. आणि दहा वर्षांचं बिल त्याच्या एका झटक्याच्या नावावर फाडलं जातं.

मग शेवटच्या हाताचा काहीच दोष नाही? इथे मला आपल्याच पोरांशी भांडायचंय. सगळंच गंजलेलं हाये, मी काय करू, असं म्हणून टॉमीला चार फुटी पाइप लावून लोंबकळणारा गडी मला मान्य नाही. दांडा दुप्पट लांब केला की जोर दुप्पट होतो, खरं आहे. पण बोल्टाची मान होती तेवढीच राहते. आट्यांची पकड सुटायच्या आधी मान सुटली की संपलं.

काढायची रीत आहे. आधी वायर ब्रशने उघडे आटे साफ. मग तेल. डब्ल्यूडी-४० सगळ्यांना ठाऊक. १९५३ साली अमेरिकेत ते पाणी हटवायला बनवलं, चाळिसावा प्रयोग जमला म्हणून नावात चाळीस. जाम आट्यांत मुरायला त्याहून बरी, खास त्यासाठीची तेलं मिळतात. तेल मारून लगेच पान्याला हात घालायचा नाही. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पुन्हा मारायचं. डोक्यावर हातोडीचे सरळ, बेताचे ठोके द्यायचे. गंज ठिसूळ असतो, हादऱ्याने तडकतो, तेलाला वाट मिळते. सहा कोनांची गोटी घ्यायची. घसरलेला फिक्स पाना बोल्टाचे कोपरे खातो. आणि पहिला जोर सोडायच्या बाजूने द्यायचाच नाही, कसायच्या बाजूने द्यायचा. किंचित. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. पण चिकटलेलं कुठल्याही बाजूने हललं तरी हललं. मग पाव आटा मागं, परत पुढं, तेल, परत मागं.

तरी नाही हलला तर आग. आग नटाला द्यायची, बोल्टाला नाही. नट तापला की त्याचं भोक मोठं होतं. किती? १० मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०३६ मिलिमीटर. तेवढ्यावर सुटतो बेटा. मात्र आधी तेल पुसायचं, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे रबरी पाइप कुठे आहेत ते बघायचं. जस्ताचा मुलामा असेल तर त्या धुराने ताप भरतो.

ही सगळी रीत वेळ मागते. आणि वेळ हेल्परचा नसतो. 'पाच वाजता गाडी पायजे' म्हणणारा वेळेचा मालक. तेल मुरू द्यायला नाही म्हणणारा आणि तुटल्यावर चापट मारणारा माणूस एकच असेल, तर त्या तुटलेल्या बोल्टात त्याचा वाटा मोठा. वेळ होता, रीत ठाऊक होती आणि तरी ज्याने पाइप लावला, त्याचा गुन्हा त्याचा. आणि ज्याला रीत कुणी शिकवलीच नाही? पुष्कळ उस्ताद आपली विद्या मुठीत ठेवतात. पोरगं चहा आणता आणता, बघून बघून ती चोरतं. असल्या चोरीला मी चोरी म्हणत नाही.

सगळं नीट करूनही काही बोल्ट तुटतातच. मान आतून खाल्लेली असते. तिथे गुन्हेगार शोधू नये. उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून फिरवता येतो. नाही तर बरोबर मध्यात भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर. तो कडक पोलादाचा. आत मोडला तर बोल्ट परवडला, त्याला साधं ड्रिल लागत नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. बोल्ट निघाला, आता नवा बसवायचा. बसवणारे आपण. माझ्यासाठी कुणी ग्रीस लावून ठेवलं नव्हतं, मी का लावू? एका दोस्ताने मला हे चिडून विचारलं. त्याच्या बोटाला तेव्हा पट्टी होती. त्याला चांगुलपणाच्या गोष्टी सांगून काय उपयोग? मी एवढंच म्हटलं, "दहा वर्षांनी ह्या खड्ड्यात मालकाचा पोरगा उतरणार नाय. तुझ्या-माझ्यासारखाच कुणी उतरेल. तू सूड कुणावर उगवतोयस?" तो काही बोलला नाही. ब्रश घेऊन आटे साफ करायला लागला.

लावताना ध्यानात ठेवा. सायलेन्सरजवळ साधं ग्रीस जळून जातं, तिथे तांब्याची पूड घातलेलं लागतं. आणि ग्रीस लावलेला बोल्ट कोरड्याएवढा कसू नका. कोरडा बोल्ट कसताना १०० तला ९० च्या आसपास जोर घर्षणातच जातो. घर्षण कमी झालं की तोच जोर बोल्टाला ताणतो. चाकाच्या नटांना तर गाडीच्या पुस्तकात लिहिलं असल्याशिवाय ग्रीस लावूच नका.