तारवांतील एक भाकर

शास्त्रभाग : मार्क ८:१४-२१

तारूं किनारा सोडून निघालें, आणि प्रभूच्या शिष्यांच्या ध्यानांत आलें कीं भाकरी घ्यावयाच्या राहिल्या. त्यांच्यांत निदान चौघे कोळी होते. तारवावर जातांना शिदोरी घेण्याची संवय त्यांना लहानपणापासूनची. अशांनींच शिदोरी विसरावी, हें वाचून आपणांस हंसूं येतें. ते मात्र हंसले नाहींत. "आपल्याजवळ भाकरी नाहींत," हेंच ते आपसांत बोलत बसले.

ठाणें-कल्याणकडील मंडळीस हें तारूं चांगलें ठाऊक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्यास आली व पुढल्या वर्षीं कल्याणास पोंचली. तेव्हांपासून ह्या वाटेवर किती छत्र्या व किती डबे राहिले असतील, तें देवच जाणे! डोंबिवलीचा मनुष्य सकाळच्या गर्दींत जेवणाची पिशवी फळीवर ठेवितो, ठाण्यास उतरतो, आणि गाडी सुटल्यावर त्यास आपले रिकामे हात दिसतात. मग तो घरीं फोन करून बायकोवर राग काढितो : "तूंच घाई केलीस!" वास्तविक १३९ ह्या क्रमांकावर कळविलें, तर रेल्वे संरक्षण दलाचे शिपाई कित्येकदां पुढील स्टेशनावर अशी वस्तु उतरवून घेतात. पास खिशांत असतो, पगारहि खिशांत असतो. पण बोलणें सारें डब्याचें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचें आरंभींचें शिक्षण कल्याणासच झालें. व्यवहारांत ते किती बेहिशेबी होते, हें लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथांत सांगितलें आहे. त्याचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. त्या घरांत पैशाची ओढ कायमची. तथापि बाई पतीस जितक्या मोकळेपणानें हंसतात, तितक्याच मोकळेपणानें स्वतःच्या फजितीसहि हंसतात, म्हणून त्यांचें हंसणें कोणास बोंचत नाहीं. घरांतील आजी नातवाचें नांव विसरली, तर मात्र तिला हंसूं नये. तो आजारहि असूं शकेल, डॉक्टरांस दाखवावें. हंसावें तें आपल्या स्वतःला.

आतां प्रभु काय करितो तें पहा. भाकरी कां विसरलां, असें तो विचारीतच नाहीं. तो विचारितो, पांच हजारांस जेवूं घातलें तेव्हां तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्या? ते म्हणतात, बारा. चार हजारांच्या वेळीं? सात. आंकडे अगदीं बिनचूक! ज्यांना टोपल्या अशा तोंडपाठ होत्या, त्यांना त्या कोणीं भरल्या एवढेंच आठवेना. आणि तो भरणारा तर त्यांच्याच तारवांत बसला होता.

आणखी एक गोष्ट मार्क जातां जातां सांगतो, ती वाचतांना सहज निसटते. तारवांत एक भाकर होती. शिष्य मात्र म्हणतात, "भाकरी नाहींत." त्या एका भाकरीचें नांव त्यांच्यांतील एकानेंहि काढिलें नाहीं.