एकट्याची शपथ आणि सोबत्यांचा आधार

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन भगवंतांना विचारतो की, मनुष्याची इच्छा नसतानाही, कोणी बळजबरीने ओढून न्यावे तसा तो पापाकडे कोणामुळे ओढला जातो? हा प्रश्न किती खोल आहे, हे मद्याच्या अधीन झालेल्या गृहस्थाकडे पाहिले म्हणजे कळते. सकाळी तो देवापुढे शपथ घेतो, मुलाच्या मस्तकावर हात ठेवून वचन देतो. आणि दिवेलागणीला त्याचीच पावले त्याच वाटेला लागतात. सकाळचे अश्रू खोटे नव्हते. तरीही घरचे त्याला लबाड म्हणतात, आणि पुढे तोही स्वतःला तसेच समजू लागतो.

भगवंतांचे उत्तर मर्माचे आहे. काम हा कधीही तृप्त न होणारा वैरी. इंद्रिये, मन आणि बुद्धी हेच त्याचे ठाणे. ज्या बुद्धीने शपथ घ्यावयाची तिलाच शत्रूने व्यापलेले असते. चोर घरातच राहावयास आल्यावर दाराला कितीही भक्कम कुलूप घातले तरी काय उपयोग? आजचे वैद्यकशास्त्रही मद्यासक्तीला केवळ दुर्गुण न मानता आजार मानते.

मग सुटका कशी व्हावी? १९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन नावाचा गृहस्थ व्यवसायासाठी आला होता. मद्य सोडून त्याला काही महिनेच झाले होते. हाती घेतलेले काम फसले. उपाहारगृहाच्या एका बाजूला मद्यालयातील हास्यविनोद ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूला दूरध्वनी होता. एकटा राहिलो तर बुडालो, हे त्याने ओळखले आणि दूरध्वनी उचलून आपल्यासारख्याच एखाद्या पीडिताची चौकशी केली. त्यातून डॉ. रॉबर्ट स्मिथ या मद्यासक्त शल्यवैद्याशी त्याची गाठ पडली. पंधरा मिनिटेच बसेन असे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. त्यापूर्वी विल्सनने अनेकांना उपदेश केला होता, पण एकही सुधारला नव्हता. या वेळी त्याने उपदेश केला नाही. स्वतःची कहाणी सांगितली. डॉक्टर पुढे एकदा घसरले. परंतु १० जून १९३५ नंतर, १९५० साली देह ठेवीपर्यंत, त्यांनी मद्याला स्पर्श केला नाही. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या मंडळाचा आरंभदिन मानला जातो. भारतात त्याचे कार्य १९५७ साली सुरू झाले.

या मंडळाची रीत साधी आहे. सभासदत्वाला एकच अट, मद्य सोडण्याची इच्छा. शुल्क नाही; खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून चालतो. मीटिंगमध्ये आडनाव, जात, हुद्दा कोणी विचारीत नाही. तेथे ऐकलेले बाहेर सांगावयाचे नाही. प्रत्येकजण आपापला अनुभव सांगतो आणि दुसऱ्याचा निमूटपणे ऐकतो. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. फक्त आजचा दिवस न पिता काढावयाचा. ईश्वराचे स्वरूप ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे जाणावे, असा संकेत आहे.

येथे एखादा भाविक शंका घेईल की, आपला उद्धार आपणच करावा असे गीता सांगते, मग परक्यांचा आधार कशाला? उत्तर असे की, त्या दारापर्यंत कोणी दुसरा चालत जाणार नाही. आपल्या पायांनी जाणे, आपल्या मुखाने ‘माझे बळ संपले’ असे म्हणणे, हाच आत्मोद्धाराचा पुरुषार्थ होय. अर्जुन धनुष्य टाकून शरण आला, तेव्हाच गीता सुरू झाली. दहाव्या अध्यायात भक्त परस्परांना बोध करीत संतोष पावतात असे म्हटले आहे. तेथे विषय भगवत्कथेचा आहे. परंतु सत्संगाचे हे तत्त्व दुःखितांच्या मेळाव्यालाही लागू पडते. जो सांगतो तोही सावरतो, जो ऐकतो तोही सावरतो.

म्हणून ज्याच्या घरी हे दुःख आहे त्याने ते झाकून ठेवू नये. मात्र रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी थांबल्यास कंप, झटके, भ्रम होऊन प्राणावरही बेतू शकते. यास्तव आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जवळची मीटिंग कोठे भरते, हे व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मंडळाच्या दूरध्वनीवर विचारावे. काही मीटिंगांना घरच्यांनाही येता येते. पहिल्या दिवशी बोलावेच असे नाही. मागच्या खुर्चीवर बसून ऐकले तरी पुरे. एका ठिकाणी मन न रमल्यास दुसरीकडे जावे. पत्नी, माता-पिता यांनाही आधार हवा असतो. त्यांच्यासाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ हे निराळे मंडळ आहे.

आणि मध्येच पाय घसरला तर? मन चंचल आहे हे भगवंतांनी मान्य केले, आणि अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगितला. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. घसरलेल्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीवर जाऊन बसावे. अत्यंत दुराचारीही सम्यक् निश्चय करील तर शीघ्र धर्मात्मा होतो, असे नवव्या अध्यायातील अभय आहे. ज्याला भगवंतांनी टाकले नाही, त्याला आपण घराबाहेर टाकू नये. त्याला त्या दारापर्यंत सोबत करावी. दार मात्र त्याने स्वतः उघडावे.