आधी ब्लॉक उचला

जून लागला की शाळांमधल्या वृक्षारोपणाचे फोटो येतात आणि त्यांच्यामागोमाग ठरलेला वादही येतो. राज्याने २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे जाहीर केली, तेव्हाही हेच झाले होते. एक बाजू लावलेली रोपे मोजते, दुसरी जगलेली. मला हा वाद उथळ वाटतो, कारण रोप ज्या जमिनीत जायचे ती जमीन त्यात कुठेच नाही. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत जागेची टंचाई आहे हे खरे. पण प्राथमिक शाळांकडे जे काही पटांगण उरले आहे, त्यातलेही बरेचसे आपण पेव्हर ब्लॉकखाली घातले आहे. चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

एका शाळेच्या फाटकाजवळ जुनी बकुळ आहे. ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले. त्यांच्या कडेवर साल फुगून आली आहे आणि एका अंगाला मुळांनी ब्लॉक उचलून धरले आहेत. मधल्या सुट्टीत मुली तिथे वाकून ब्लॉकच्या फटींतली फुले काडीने उकरून काढतात. झाडाचे अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत, आडवी, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. ब्लॉक बसवण्याआधी आपण जमीन रोलरने दाबतो, वर खडी आणि कच पसरतो. गटारासाठी चर खणताना उरलेली मुळे तोडतो. मग एखाद्या जुलैच्या वाऱ्यात झाड कलंडते आणि ‘धोकादायक’ ठरते.

म्हणून मी एकच भेद महत्त्वाचा मानतो : जमिनीतले झाड आणि जमिनीवरचे झाड. दुसऱ्या प्रकारात कुंडीतले पाम येतात, भिंतीवरची उभी बाग येते आणि ब्लॉकच्या चौकटीत घुसमटलेली ही बकुळही येते. कुंपण घातलेल्या कोपऱ्यातले दाट लागवडीचे मियावाकी जंगल जमिनीत असते खरे, पण त्यात मुलाला पाऊल टाकता येत नाही. पटांगणाशी त्याचा संबंध नाही.

यावर मुख्याध्यापकांपासून नगरसेवकांपर्यंत सगळ्यांचे उत्तर एकच असते : चिखल होतो. चार महिने पाऊस, मुले घसरतात, गणवेश मळतात, डास होतात. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या मावशींना दोन सत्रांचे वर्ग पुसायचे असतात, त्यांच्या दृष्टीने तर तो अगदी रास्त आहे. तरीही तो टिकत नाही. चिखल होतो तो पाणी तुंबल्यामुळे, आणि पाणी तुंबते कारण दर डांबरीकरणा-काँक्रिटीकरणागणिक रस्ता वर गेला आणि शाळेचे पटांगण खाली राहिले. त्याला उपाय आहे मुरमाची भर, नीट उतार आणि कडेने चर. कोकणातला माणूस दरवर्षी अंगण चोपून, सारवून हेच करत आला. ब्लॉकवरचे पाणी नाहीसे होत नाही, ते शेजारच्या गल्लीत जाते. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या उल्हास-वालधुनीच्या काठावर तरी हे सांगावे लागू नये. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे पाणी पिणाऱ्या मातीपेक्षा कुंडीखालच्या ताटलीत. घसरण्याचे म्हणाल तर शेवाळलेल्या ब्लॉकवरही मूल घसरतेच, आणि तिथे गुडघा अधिक सोलवटतो. चाकाच्या खुर्चीसाठी पक्की वाट हवीच, ती फाटकापासून वर्गापर्यंत जरूर करावी. उरला गणवेश. तो धुता येतो. गोट्यांची गल मात्र ब्लॉकमध्ये खणता येत नाही. लंगडीची चौकट काडीने आखता येत नाही, मुंग्यांचे वारूळ सापडत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दिवसातला जमिनीशी येणारा एकमेव संबंध आपण चिखलाच्या नावाखाली तोडतो आहोत, आणि हे मला फार गंभीर वाटते.

ज्या अखंड ठाणे जिल्ह्यात बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, त्याच्याच शहरी भागात हे घडते आहे. पॅरिससारखे शहर उष्म्यापायी २०१८ पासून शाळांच्या आवारातले डांबर उखडते आहे. आपण अजून अंथरतो आहोत.

शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत खेळाचे मैदान आहे, पण ते कशाचे असावे याबद्दल काही नाही. वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा राज्याचा कायदा मात्र पुरेसा स्पष्ट आहे : झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. मग बुंध्यापर्यंत ब्लॉक भिडवणे ही इजाच मानली पाहिजे, आणि शाळेच्या पटांगणाचे प्रत्येक अंदाजपत्रक बांधकाम विभागाच्या आधी वृक्ष प्राधिकरणापुढे गेले पाहिजे. तोवर निदान जुन्या झाडांभोवती दोन-दोन मीटर जमीन मोकळी करता येईल. हे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकते. तिथे पालापाचोळा न जाळता अंथरून ठेवला, तर ओल मे महिन्यातही थोडीफार टिकेल. नेमक्या त्याच महिन्यात शाळा बंद असते आणि आदल्या जूनमध्ये लावलेली रोपे पाण्यावाचून वाळतात.