इंजिनाची धग आणि तितिक्षेचा अधिकार

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला थंडी-उष्णतेचे भोग क्षणिक मानून सोसायला सांगतो. हा उपदेश आपल्याकडे इतका खोल मुरला आहे की उकाड्याची तक्रार करणाऱ्याकडे जरा कमी लेखूनच पाहिले जाते. सोसणारा तो मोठा, कुरकुरणारा तो कच्चा, असा आपला सरळ हिशेब असतो. पण उष्णता सगळी एका जातीची नसते. वैशाखाचे ऊन आणि मांडीखालच्या इंजिनाची धग या दोन्ही गोष्टी कातडीला सारख्याच लागत असल्या, तरी त्यांच्यामागची कारणे निराळी आहेत. ऊन कोणी योजून कोणाच्या अंगावर सोडलेले नसते. इंजिनाची धग कोणत्या बाजूला जाईल, हे मात्र आराखडा काढणाऱ्याने, वाहन विकणाऱ्याने आणि दुरुस्ती टाळणाऱ्याने मिळून ठरवलेले असते. म्हणून माझे म्हणणे असे, की यंत्राच्या धगीबाबत पहिला प्रश्न न्यायाचा येतो आणि सहनशक्तीचा त्याच्या मागून. न्यायाचा प्रश्न सोडवून झाल्यावर जी धग उरेल तेवढ्यापुरतीच तितिक्षा, म्हणजे कुरकुर न करता सोसणे, मागता येते. आणि तीही ज्याची त्याने स्वतःपाशी.

हा भेद स्पष्ट दिसायचा तर तीन चाकांच्या मोटरसायकलीइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींना मागे दोन चाकांची बाकडी जोडून ‘फटफटी’ बनवली गेली आणि प्रदूषणाच्या कारणावरून बंद होईपर्यंत, म्हणजे 1990च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, ती कनॉट प्लेस आणि चांदनी चौकादरम्यान प्रवासी वाहत राहिली. सौराष्ट्रात बुलेटचे पुढचे अंग आणि डिझेल इंजिन यांच्या जोडणीतून छकडा जन्माला आला. दोन्हींत चालक इंजिनावर टांग टाकून बसतो. पेटते यंत्र त्याच्या दोन पायांमध्ये असते. महाराष्ट्रातल्या शहरांत अनेक वर्षे धावलेल्या जुन्या, पुढे इंजिन असलेल्या रिक्षांत तर इंजिन थेट चालकाच्या आसनाखाली होते. पुढे रिक्षाचे इंजिन मागे गेले आणि धगीचा पत्ता बदलला: ती चालकाच्या मांडीखालून निघून प्रवाशांच्या पाठीमागे गेली. रिक्षा तीच राहिली, रोजचे अंतर तेच राहिले, मार्च ते मे तसेच तापत राहिले. चालकाचे दुःख कमी झाले ते त्याचे मन उन्नत झाल्यामुळे नव्हे, कोणीतरी इंजिनाची जागा बदलली म्हणून. जे दुःख जागा बदलल्याने हटते, त्याला प्राक्तन म्हणणे हा विचारातला आळस आहे.

उष्णता नाहीशीच का करत नाहीत, असे कोणी विचारील. ते शक्य नाही. 1824 साली सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने दाखवून दिले, की उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला उष्णता थंड बाजूला सोडून द्यावीच लागते. लहान पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने चौथा हिस्साच चाक फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून बाहेर पडते. धावत्या दुचाकीत समोरचा वारा ती वाहून नेतो. तीन चाकांच्या वाहनात नेमका हा वाराच अडतो. पुढचा रुंद पत्रा किंवा फायबरचे अंग पायांपर्यंत हवा पोहोचू देत नाही, रुंदीमुळे गर्दीतून वाट काढता येत नाही, आणि ओझे जास्त असल्याने खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते पण वेग मात्र बेताचा राहतो. त्यात इग्निशनचे टायमिंग मागे सरकलेले असेल तर जळण उशिरा पुरे होते आणि धुराड्याचा पाइप अधिक तापतो. शहराची हवा स्वच्छ राहावी म्हणून बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही दोन-अडीचशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि काम करताना स्वतः आणखी उष्णता निर्माण करतो. म्हणजे शहराच्या फुप्फुसांचे जे भले होते, त्याच्या किमतीचा काही भाग चालकाच्या पोटरीकडून वसूल होतो. हे भले सोडून द्यावे असे नाही. मात्र किंमत कोण देतो याची नोंद तरी व्हावी.

उष्णता सोडावीच लागते, पण कुठे सोडायची ते ठरवता येते; सारा नैतिक प्रश्न या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे. कॅनडात तयार होणाऱ्या, पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या कॅन-ॲम स्पायडर या मोटरसायकलीचे हौशी मालक या जागेत बरेच काही करून पाहतात. एक्झॉस्टच्या पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली की धग पाइपातच राहून मागे निघून जाते. पाइप आणि पाय यांच्यामध्ये थोडी फट ठेवून पत्र्याची ढाल लावली तर त्या फटीतली हवाच रोधकाचे काम करते. रेडिएटरमागून येणाऱ्या गरम झोताला लहानसे पाते लावून तो गुडघ्यावरून खाली वळवता येतो. आसनाखाली आणि टाकीच्या कडेला परावर्तक अस्तर लावता येते. रिक्षाचालकासाठीही उपाय याच जातीचे आहेत, आणि पुष्कळदा स्वस्त: इंजिनाच्या फिन्समध्ये साचलेले तेल-माती काढणे, थंड हवा फिनवर आणणाऱ्या पंख्याचे तुटके आवरण बदलणे, टायमिंग आणि मिश्रण जुळवून घेणे, आसनाखाली रोधक थर देणे, लांब सिग्नलला इंजिन बंद करणे, पायांत जाड सुती पँट घालणे. यातल्या एकाही उपायाला वैराग्य लागत नाही. लागते ती वाहन हातात असलेल्याची, मालकाची आणि कारखान्याची इच्छा.

इथे परंपरेच्या बाजूने सर्वांत वजनदार आक्षेप येतो. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची व्याख्याच अशी केली आहे, की दुःखाचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता ते सोसणे. मग ढाल लावणे हा प्रतिकारच झाला. ढालीआडचा माणूस तितिक्षू कसा? आक्षेप खरा आहे, पण तो कोणाला लागू होतो हे त्याच ग्रंथाच्या चौकटीत पाहिले पाहिजे. तितिक्षा तिथे शमादि सहा गुणांत येते, आणि हे गुण ब्रह्मजिज्ञासूच्या तयारीचे अंग आहेत. प्रतिकार सोडणारा हा साधक आधी बाकीचे पुष्कळ सोडून आलेला असतो. धग लागू नये म्हणून उठून जाण्याची मुभा त्याला असते आणि ती तो आपणहून वापरत नाही. जैन परंपरेतही साधूने सोसायच्या बावीस कष्टांमध्ये, म्हणजे परीषहांमध्ये, शीत आणि उष्ण आहेत, पण ते मार्गावरून न ढळण्यासाठी आणि कर्मनिर्जरेसाठी सोसायचे असतात. दिवसाचे भाडे आणि कर्जाचा हप्ता यांच्यामध्ये सापडलेल्या चालकाला उठून जाण्याची मुभा नाही. मुभा नसताना सोसणे याला लाचारी म्हणतात, आणि लाचारीला साधनेचे नाव दिल्याने साधनेचाही मान राहत नाही. बौद्ध परंपरेने हा विवेक फार नेमकेपणाने केला आहे. मज्झिमनिकायातल्या सब्बासवसुत्तात चित्ताचे मळ दूर करण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांत उष्णता दोनदा येते: चीवर आणि निवारा यांचा जपून वापर करून जी टाळायची त्यात, आणि सोसायच्या गोष्टींतही. भिक्षूलासुद्धा वस्त्र आणि छप्पर आधी दिले आहे. सोसणे आहे, पण ते संरक्षणाच्या जागी नाही, संरक्षणाच्या सोबत आहे.

लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झाले, आणि गीता कर्म सोडायला सांगत नाही हे त्यांनी शेकडो पाने खर्चून मांडले. त्या वाटेने पाहिले तर तितिक्षेचा श्लोक रणांगणावर, लढायला उभे करण्यासाठी आलेला आहे. अर्जुनाने कवच उतरवून ठेवावे असे त्यात कुठेही नाही. थंडी-वाऱ्याचे निमित्त करून कर्तव्य टाळू नये, एवढा त्याचा रोख. त्या श्लोकाच्या आधाराने दुसऱ्याला कवच नाकारणे म्हणजे श्लोक उलटा धरणे होय.

दुसरा आक्षेप मनाच्या सवयीचा आहे: शरीर सारे काही शिकते, चार महिन्यांत धग जाणवेनाशी होते, मग एवढा ऊहापोह कशाला? धग जाणवेनाशी होईल, पण कातडी मनाचे ऐकत नाही. 1947 साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी दाखवून दिले, की कातडी भाजण्याला तापमान आणि वेळ या दोन्हींचा हिशेब लागतो. 44 अंशांसारखे सोसवणारे वाटणारे तापमानही सुमारे सहा तास टिकले तर इजा करते, आणि साठच्या आसपास काही सेकंद पुरतात. काश्मीरमध्ये फिरन या सैल अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याची पद्धत आहे. तिथे पोटा-मांडीच्या कातडीवर जाळीसारखे तांबूस-काळे डाग पडतात आणि वर्षानुवर्षांच्या शेकाने त्या जागी कर्करोगही होतो, हे वैद्यकाला शतकाहून अधिक काळ माहीत आहे. कांगडी तर हवीहवीशी ऊब. तरीही कातडी तिचा हिशेब ठेवते. मनाने धग न जाणणे ही तितिक्षा असेल, पण तिच्याआड शरीराची झीज चालूच राहते. सोसण्याची सवय म्हणजे धोक्याची घंटा बंद करणे असेल, तर तो गुण कसला?

मग सोसण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला? स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टीटस आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखायला शिकवतो, आणि त्याच्या शब्दांना वजन येते कारण तो स्वतः गुलामीतून आलेला होता. तेच शब्द गुलामाच्या मालकाने उच्चारले असते तर ते तत्त्वज्ञान राहिले नसते, व्यवस्थापनाची युक्ती झाली असती. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, 1957 साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात दुःखाची ओळख आणि त्याचे निवारण हे धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले, आणि आजच्या हालअपेष्टांचा ठपका मागच्या जन्माच्या कर्मावर ठेवण्याला विरोध केला. त्यांचा मुद्दा आपल्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडतो. दुःखाचे कारण माणसाच्या हातात असेल तर ते सोसायला सांगणारा, कळत-नकळत, कारण चालू ठेवणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. वातानुकूलित मोटारीत बसून रिक्षावाल्याच्या काटकपणाचे कौतुक करणारा माणूस याच जागी असतो. त्यातही त्याच्या मोटारीचा कंडेन्सर आतली उष्णता बाहेर, शेजारी उभ्या असलेल्या त्याच रिक्षाकडे फेकत असतो.

यातूनच तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर निघते. आक्षेप असा: सुखाला अंत नाही, आज ढाल, उद्या पंखा, परवा बंद काचेची केबिन. मर्यादा कुठे आखायची? मर्यादा उष्णतेच्या स्वभावातच आहे. जो उपाय धग एकूण कमी करतो, किंवा जिथे कोणाला पोळणार नाही अशा जागी नेतो, तो योग्य. जो ती फक्त शेजाऱ्याकडे ढकलतो, तो सुखाच्या वेषातला अन्याय. या कसोटीला विजेची रिक्षाही उतरली पाहिजे. तिच्यात चालकाच्या मांडीखाली पेटते यंत्र नाही, हा मोठा लाभ आहे. पण ती वीज कोळशातून येत असेल तर त्या कोळशातली जेमतेम तिसरा हिस्सा उष्णता विजेत उतरते आणि उरलेली वीजकेंद्राच्या परिसरात सुटते. महाराष्ट्रात 2920 मेगावॉटचे केंद्र चंद्रपूरला आहे, आणि उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत चंद्रपूरचे नाव येते. पुण्या-मुंबईच्या चालकाच्या पायाची धग चंद्रपूरच्या वाट्याला घालून प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही. विजेची रिक्षा चांगलीच, पण तिचे चांगलेपण ती वीज कशातून आली यावर अर्धे अवलंबून आहे.

शेवटी स्पायडरवर बसणाऱ्या हौशी माणसाचा प्रश्न उरतो. त्याने धग विकत घेतली आहे, तो केव्हाही उतरू शकतो, आणि उन्हाळ्यात गाडी घरी ठेवण्याची मोकळीक त्याला आहे. पट्टी गुंडाळून, पाते लावून जी झळ उरेल ती त्याने कुरकुर न करता सोसावी. इथे तितिक्षेचा उपदेश शोभतो, कारण पर्याय त्याच्या हातात आहे. चालकही व्यवसाय आपणहून निवडतो, असे कोणी म्हणेल. पण व्यवसाय निवडला म्हणजे तो करताना भाजून घेणे निवडले, असे होत नाही. गवंड्याने काम पत्करले म्हणून परातीची कड डोक्यात रुतू देणे त्याने पत्करलेले नसते. म्हणून वाहनाला परवानगी देताना धूर आणि आवाज यांच्यासोबत भर उन्हात, पूर्ण भार घालून, सिग्नलला उभे असताना चालकाच्या पायाशी किती तापमान चढते हेही मोजले जावे, आणि मर्यादा ओलांडणारा आराखडा नाकारला जावा. हे झाल्यावर वैशाखाचे ऊन उरेलच. ते कोणाच्याही हातात नाही, आणि गीतेचा उपदेश तिथे पूर्ण अधिकाराने लागू होतो.